सायकलची दब

३ मार्च २०२४, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. वहीत या वेळेपुढे मी लिहिले आहे: ‘हवा १६०, दब ११. शॉकअप पुन्हा उघडणे आवश्यक.’ वाक्यात कुठेही शंका नाही.

सायकल बाबांची. मालवाहू जहाजांच्या इंजिनरूममध्ये उभी हयात काढून ते निवृत्त झाले आणि भाट्याच्या पुलापलीकडे सड्यावर आमची हापूसची कलमे आहेत तिथे रोज सकाळी जाऊ लागले. सड्यावरची वाट म्हणजे उघडा कातळ. साध्या सायकलीने त्यांची कंबर धरत असे. म्हणून मी मागे शॉकअप असलेली, डोंगरवाटांसाठी बनवलेली सायकल घेतली. त्या शॉकअपमध्ये स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. माणूस बसला की दांडा थोडा आत जातो. किती गेला, ते दांड्यावर सरकून तिथेच राहणारी रबरी कडी सांगते. बाबा याला दब म्हणत, मीही वहीत तोच शब्द घेतला. ऑक्टोबरमध्ये एकशे साठ पौंड हवेला दब तेरा मिलिमीटर होती. त्यांच्या चौऱ्याहत्तर किलो वजनाला ते माप योग्य होते.

डिसेंबरात बारा भरली. मार्चमध्ये अकरा. हवा तेवढीच, दब कमी. याचा अर्थ आत कुठेतरी काहीतरी अडकत होते. मी कारणांची यादी केली: खारी हवा, तांबडी धूळ, सुकलेले सील, जाम झालेली बेअरिंगे. परदेशातल्या पीएचडीसाठी मी अर्ज केले होते, उत्तरांची वाट पाहत होते, आणि एका वेळी एकच घटक बदलायचा ही शिस्त मला घरातही सोडवत नव्हती. सील जानेवारीत बदलून झाले होते. त्या सकाळी मी हवा सोडली, नळकांडे फिरवून काढले, आतली तांबूस चिकट घाण पुसली, नवे ग्रीस भरले. बाबा पडवीत चहा घेत बसले होते.

“बोटीचं इंजिन आम्ही नुसतं ऐकून ओळखायचो. तुला एका सायकलला वही लागते काय गो?”

“तुमच्या बोटी बंद पडायच्या का बाबा?”

“पडायच्या. पण सारख्या उघडत नव्हतो, म्हणून कमी पडायच्या.”

आतून आई म्हणाली, “तिला नंतर शिकवा. आधी ती खाकी पँट काढून द्या, परत कमरेत आत घ्यायच्ये.”

सायकलीने त्यांचे पोट उतरवले, याचे आम्हा दोघींना कौतुक होते.

शॉकअप जोडला, हवा भरली, बाबा बसले. दब अकराच. एप्रिलमध्ये बेअरिंगे बदलली, दब दहा. तेव्हा मी एक सोपा उपाय केला. दब तेरा येईपर्यंत हवा कमी करायची. त्यानंतर दबेचा रकाना स्थिर झाला: तेरा, तेरा, तेरा. हवेच्या रकान्यात मात्र १५२, १४५, १३८ असे आकडे उतरत गेले. त्यांच्यापुढे मी ‘पंपाचा गेज चुकीचा?’ असे लिहून ठेवले.

मेच्या अखेरीस, कॅनिंगचा आंबा किलोवर जातो त्या दिवसांत, बागेतल्या मांगराबाहेर, म्हणजे सामानाच्या खोपटाबाहेर, मोठा वजनकाटा मांडला होता. गेज तपासण्यासाठी मला एक पक्के वजन हवे होते. मी बाबांना त्यावर उभे राहायला सांगितले.

काट्याने साडेत्रेसष्ट दाखवले. मी तिथेच गणित केले. एकशे साठची हवा एकशे अडतीसवर यायची, तर चौऱ्याहत्तर किलोचा माणूस चौसष्टच्या जवळपास यायला हवा. गेज अचूक होता.

“कधीपासून?” मी विचारले.

“दिवाळीपासून. जेवण खाली उतरत नाही नीट.” ते एका रिकाम्या क्रेटवर बसले. “मला वाटलं, तुला कळलंय. म्हणूनच काही न बोलता हवा काढत्येस.”

“मग तुम्ही तरी बोलायचं.”

“तू गप्प होतीस. म्हटलं, तुझी ॲडमिशन होऊ दे आधी.”

मी सहा महिने शॉकअपवर संशय घेतला होता, आणि त्यातले दोन महिने ते माझ्या उपायाला माझी समजूत मानून रोज त्या सायकलवर बसत होते. मला काहीच कळले नव्हते, हे मी त्यांना त्या दिवशी सांगितले नाही. पुढेही सांगू शकले नाही.

जठरात गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांनी वजन केव्हापासून उतरते आहे असे विचारले, तेव्हा मी वही पुढे केली. तारखा होत्या, वेळा होत्या, हवेचे आकडे होते. त्यांवरून दर महिन्याचे वजन काढता येत होते. “इतकी व्यवस्थित नोंद कुणी आणत नाही,” ते म्हणाले. बहुधा कौतुकानेच. मग पुढचा अहवाल वाचून त्यांनी सांगितले की शस्त्रक्रियेची वेळ गेली आहे, आता औषधेच. आई माझ्याकडे बघत होती. मी वही मिटून पिशवीत ठेवली.

ॲडमिशन झाली. मी ती एक वर्ष पुढे ढकलली. बाबांना सत्र उशिरा सुरू होते असे सांगितले. त्यांनी मानले, किंवा तसे दाखवले.

नोव्हेंबरमध्ये, केमोच्या चौथ्या फेरीनंतर घरी आल्यावर, त्यांनी सायकल अंगणात काढायला सांगितली. मी शॉकअपमध्ये पुन्हा एकशे साठ हवा भरली. आईने हँडल धरले, मी त्यांना काखेत आधार देऊन वर चढवले. चाके जागची हलली नाहीत.

“दगडासारखी लागत्ये गो. काढ थोडी हवा.”

“काढते. आधी माप घेऊ दे.”

“घे. पण या वेळी मला सांग.”

आम्ही दोघींनी त्यांना हळूच उतरवले. मी कडीला पट्टी लावली. बाबा पडवीच्या पायरीवर बसून माझ्या हाताकडे पाहत होते. मी आकडा मोठ्याने वाचला, आईलाही ऐकू जाईल असा, आणि मगच लिहिला: हवा १६०, दब ७.