अमृतभाऊंचे सूर

मेहरूणचा नासीर लग्नांच्या ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा. कीबोर्डला लॅपटॉप जोडलेला असे. पट्टी दाबली की सनई, बासरी, हवा तो आवाज त्यातून निघे. त्याच ऑर्केस्ट्रात सोनगीरचे अमृतभाऊ वीस वर्षं क्लॅरिनेट वाजवत. दम्यामुळे त्यांना फुंकणं जमेनासं झालं, तेव्हा ते आपणहून नासीरच्या घरी आले. दिवसभर थांबत थांबत त्यांनी एकेक सूर वाजवला आणि नासीरने तो लॅपटॉपमध्ये भरून घेतला.

पुढच्याच महिन्यात अमृतभाऊ गेले. मातीला जाऊन आल्यावर नासीर जेवला आणि झोपला. रडू आलं नाही. लग्नसराई लागली, तसा तो ते सूर वाजवू लागला.

चोपड्याच्या एका लग्नात अमृतभाऊंच्या पत्नी मंजुळाबाई पाहुण्या म्हणून आल्या होत्या. गाणं संपल्यावर त्या स्टेजपाशी आल्या.

"नासीरभाऊ, हाई त्यासनंच शे ना?"

"हो अक्का, त्यांचंच."

"मंग त्यासना दम कुठे शे? सूर लावाना पहिले ते मोठा दम लेत. घरमा बठ्ठा लोकेसले ऐकाले ये."

"तो श्वास मी पुसून टाकला, अक्का. गाण्यात खरखर यायची."

मंजुळाबाई पंगतीकडे गेल्या.

आपल्याला काहीतरी वाटायला हवं होतं, एवढं नासीरला कळत होतं. तेवढ्यात नवरदेवाच्या मामांची फर्माईश आली. त्याने क्लॅरिनेट काढून बासरीचा आवाज लावला आणि पुढचं गाणं धरलं.