लेकीला चांगलं तिकीट

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुकानात होते. शिरूरला आमचं औषधांचं दुकान आहे. संध्याकाळी गर्दीच्या वेळी मी घरचे फोन उचलत नाही, हे वहिनीला पक्कं ठाऊक आहे, तरी ती पुन्हा पुन्हा लावत राहिली. शेवटी वैतागून उचलला, तर ती म्हणाली, "ताई, आबांनी तिकीट चाटलं."

दुसऱ्या कुणाला हसू आलं असतं. मी मात्र हातातली खोकल्याच्या औषधाची बाटली काउंटरवर ठेवली आणि स्टुलावर बसून घेतलं.

आबा म्हणजे माझे वडील. दौंडला माझ्या भावाकडे असतात. आयुष्यभर त्यांनी रेल्वेच्या टपालडब्यात नोकरी केली. धावत्या गाडीत उभं राहायचं आणि पत्रं गावागावांच्या खणांत टाकत जायचं. उभं राहून राहून कंबर धरली, तेव्हा डब्यातल्याच एका सोबत्यानं त्यांना आसनं शिकवली. कंबर सुटली आणि आबा योगाच्या मागं लागले. तिकिटांचा नाद आधीपासून होताच. पुढं सरकारनं भुजंगासन, धनुरासन अशी आसनं टपाल तिकिटांवर काढली, त्या दिवशी आबा घरी पेढे घेऊन आले. आईनं विचारलं, "कुणाला मुलगा झाला?"

तेव्हापासून आबांनी बाकीची सगळी तिकिटं वाटून टाकली. फक्त योगाची ठेवली. परदेशातल्या हौशी लोकांशी पत्रं लिहून, अदलाबदल करून त्यांनी देशोदेशीची आसनं गोळा केली. संयुक्त राष्ट्रांनी काढलेला आसनांचा संच त्यांच्याकडे होता. कुठल्या कुठल्या बेटांची तिकिटं होती, त्यांवर सडपातळ बाया समुद्रासमोर पद्मासन घालून बसलेल्या. एका तिकिटावर एक गोरा माणूस वृक्षासनात उभा होता, एक पाय दुमडून दुसऱ्या मांडीला लावलेला. आमचं घराणं मुळात मेंढरं राखणारं. आजोबा काठीवर भार टाकून असेच एका पायावर तासन् तास उभे राहायचे. आबा ते तिकीट पाहुण्यांना दाखवून म्हणायचे, "ह्यो आमचा म्हातारा. परदेशात जाऊन उजळलाय जरा."

या तिकिटांना आम्ही कधी बोट लावलं नाही. चिमट्यानं उचलायची, श्वास रोखून बघायची आणि जागच्या जागी ठेवायची. कोऱ्या तिकिटाच्या मागचा गोंद म्हणजे तिकिटाची अब्रू, असं आबा म्हणायचे. त्याला ओल लागली की संपलं. पावसाळ्यात तिकिटांचं कपाट ते उघडूच द्यायचे नाहीत. एकदा मी तिकिटांच्या वहीवर वाकलेली असताना शिंकले, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. त्या आबांनी तिकीट जिभेवर फिरवून पाकिटाला चिकटवलं होतं.

विसरणं त्याच्या आधी सुरू झालं होतं. पहिल्यांदा चष्मा, मग जेवण झालंय की नाही ते, मग आई गेलीय ते. आई कुठं गेली म्हणून विचारायचे आणि वहिनीनं सांगितलं की दर वेळी नव्यानं रडायचे. शेवटी वहिनी "देवळात गेल्यात" असं सांगायला लागली. या आजाराच्या गोळ्या आमच्या दुकानात मिळतात. मी स्वतः विकते. त्यांनी काय होतं आणि काय होत नाही, हे मला गिऱ्हाइकापेक्षा जास्त माहीत आहे.

पण सूर्यनमस्कार चुकले नव्हते. बारा स्थितींची बारा तिकिटं एकाच कागदावर छापलेला आपल्या टपालखात्याचा एक सुंदर संच आहे. पुढची स्थिती आठवेना झाली तेव्हा आबांनीच तो कपाटातून काढला आणि ओसरीतल्या पाण्याच्या टाकीला टेकवून ठेवला. एका तिकिटाकडं बघायचं, तसं करायचं, मग पुढच्याकडं बघायचं. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण हात जमिनीला टेकायचे. वहिनी चहा घेऊन उभी राहायची. ती मला म्हणायची, "आंगाला समदं ठावं हाय वो ताई. डोस्क्यालाच न्हाई."

पहिलं तिकीट फाडलं ते त्याच संचातलं. तिकिटाच्या कडेच्या दातांवरून नीट फाडलेलं, कडा शाबूत. पाकीट त्यांनी कोपऱ्यावरच्या लाल पेटीत टाकलं आणि काही दिवसांनी ते माझ्या दुकानात आलं. आत वहीचा कागद होता. "इकडे पाऊस नाही. तब्येत ठीक. आई देवळात गेली आहे." पत्ता टपालडब्यात काम केलेल्या माणसासारखा. आधी पिनकोड, आकडे सुटे सुटे, ठसठशीत. मग तालुका, मग गल्ली, सगळ्यात शेवटी मी. आबा सगळे पत्ते असेच लिहायचे. आई चिडवायची, तर म्हणायचे, "माणूस कुठं जातंय? आधी गाव तर सापडू दे."

मी ते पत्र वाचून दुकानातच रडले. वाईट वाटलं म्हणून नव्हे. आबांना मी आठवत होते, माझा पत्ता आठवत होता, या आनंदानं रडले. कितीतरी दिवसांत त्यांनी मला फोनवर नावानं हाक मारली नव्हती.

मग पत्रं येतच राहिली. पाठीत वाकलेलं तिकीट, पाय मागं टाकलेलं तिकीट, दोन्ही हात वर घेतलेलं तिकीट. त्यांच्यावर काळा गोल शिक्का. आणि दौंडला ओसरीत त्या कागदाला चौकोनी भोकं पडत गेली. जे तिकीट गेलं, ती स्थिती गेली. वाकून उभे असलेले आबा कागदाकडं बघायचे, पुढच्या जागी भोक दिसायचं, आणि तसेच वाकून राहायचे. वहिनी धावत येऊन त्यांना सरळ करायची.

मी एकदा पाकिटावरचं तिकीट पाण्यात सोडवून, वाळवून दौंडला नेलं. भोकाच्या जागी मागून चिकटवलं. आबांनी जवळ जाऊन पाहिलं आणि नखानं खरवडून काढलं. "शिक्का पडलाय ह्याच्यावर. वापरलेलं हाय. हे कुणी आणलं?" रागानं विचारलं. लेकीची ओळख डळमळते, पण कोरं आणि वापरलेलं यातला फरक शाबूत आहे, याचा मला रागच आला होता. कुणावर काढणार?

वहिनीनं डोकं चालवून साधी तिकिटं आणून ठेवली, रोजची, पोस्टात मिळतात ती. आबांनी ती बाजूला सारली. वहिनी म्हणाली, "आवो आबा, हीबी तिकिटंच हायेत की. पत्र जातंय ह्याच्यावर."

"व्हय, जातंय," आबा म्हणाले. "पन ही हाफिसाच्या कामाची. लेकीला चांगलं तिकीट लावावं."

हे वहिनीनं मला फोनवर जसंच्या तसं सांगितलं.

भाऊ कुरकुंभच्या कारखान्यात कामाला आहे. घरी असतो तेवढा वेळ झोपेत जातो. त्याला हे कळलं तेव्हा संचातली दोन-तीन तिकिटंच उरली होती आणि आबा परदेशी तिकिटांकडं वळले होते. तो शांत माणूस आहे, पण त्या दिवशी मला फोन करून ओरडला. "जन्मभर जमवलं त्यांनी, आन् तुम्ही दोघी बघत बसलाय? शुद्धीवर असते तर त्यांनीच आपल्याला फोडून काढलं असतं." त्यानं कपाटाला कुलूप घातलं. त्याचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. शुद्धीतल्या आबांची बाजू घेणारा आमच्यात तो एकटाच होता.

पत्रं थांबली.

दुपारी पोस्टमन मामा दुकानावरून सायकल दामटत जायचे. मी मान वर करून बघायचे, ते मान हलवून "न्हाई" म्हणायचे. तिकडं आबा कपाटासमोर खुर्ची टाकून बसायचे. गाडी सुटायची वेळ झाली, टपाल तयार नाही, असं काहीतरी पुटपुटत राहायचे. खाणं कमी झालं. ओसरीत जायचेच बंद झाले. टाकीला टेकवलेला भोकांचा कागद वहिनीनं उचलून ठेवला.

मला एकच भीती होती. पत्र लिहीत होते तोवर मी त्यांच्या डोक्यात रोज एकदा तरी येत होते. लिहिणंच बंद झालं तर पत्ता पुसला जाणार, आणि माझा चेहरा तर केव्हाच पुसट झाला होता. त्यांच्या डोक्यात मी पत्ता म्हणूनच उरले होते. ते तिकिटांच्या बदल्यात टिकणार असेल, तर जाऊ देत तिकिटं. संग्रह वाचवून त्याचं करायचं काय? एखाद्या प्रदर्शनात काचेखाली ठेवायचा आणि आबांनी समोर उभं राहून विचारायचं, कुणाचा आहे?

मी भावाला हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "किल्ली तुझ्या वहिनीकडं देतो. मला मात्र सांगू नका कुठलं गेलं ते."

परदेशी तिकिटं लावलेली पत्रं यायला लागली. आपल्याकडं ती चालत नाहीत, त्यामुळं सगळी नॉटपेड, म्हणजे बिनतिकिटाची धरलेली. जगभरची तिकिटं हाताळलेला माणूस हे विसरला होता, आणि पिनकोडचा एक आकडाही विसरला नव्हता. पोस्टमन मामा पहिल्यांदा गोंधळले.

"ताई, ही कुठल्या देशाची म्हनायची? दंड पडतोय ह्याच्यावर. घेताय का परत धाडू?"

"घेते मामा. येतील तेवढी सगळी घेते."

पाकिटात आता कागद नसायचा. कोरी घडी असायची, पुढं पुढं तीही नाही. पाकीट बंद, आत हवा. वर समुद्राकाठी पद्मासनात बसलेली बाई आणि खाली माझं नाव. अक्षर हलायला लागलं होतं. मी पत्ता वाचायचे, दुसरं वाचण्यासारखं काही नसायचंच. वाचून झालं की औषधांच्या रिकाम्या खोक्यात ठेवायचे.

गेल्या उन्हाळ्यात मी दौंडला गेले. न्हावऱ्यावरून चौफुल्याला आणि तिथून दौंडला, असा नेहमीचा रस्ता. उन्हानं डोकं भणभणलं होतं. आबा फाटकाशी उभे होते. धोतर स्वच्छ, टोपी घातलेली, हातात पाकीट. मला बघून त्यांचा चेहरा उजळला. इतका उजळला की मी पिशवी खाली ठेवून पुढं झाले.

"या," ते म्हणाले. "लई उन्हाचं आलात. कुठून आलात तुम्ही?"

मला आयुष्यात ते कधी 'तुम्ही' म्हणाले नव्हते. रागात असले तरी 'तू' आणि मायेत असले तर 'बाय'. माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "शिरूरहून."

"शिरूर!" त्यांना कोण आनंद झाला. "आमची लेक असती तिथं. औषधाचं दुकान हाय तिचं. तुम्ही वळखत असाल."

"आबा, मीच ती."

त्यांनी माझ्याकडं नीट पाहिलं. चेष्टा करणाऱ्या पोराकडं मोठं माणूस बघतं तसं, जरा समजूतदारपणे. मग ते विषय बदलून म्हणाले, "हे तिचं पत्र. पेटीपत्तोर जायाचं व्हतं, पन सूनबाई उन्हाचं सोडंना. तुम्ही टाकाल का तेवढं?"

पाकीट माझ्या हातात दिलं. वर माझा पिनकोड होता, ठसठशीत, सुटा सुटा. मग माझा तालुका, माझी गल्ली, मी. तिकिटाच्या कडेला थुंकी अजून ओली होती.

मी म्हटलं, "मी शिरूरलाच परत जाणार आहे आबा. हातात देते ना तिच्या."

"नगं नगं." आवाज एकदम ड्यूटीवरचा झाला. "हातात द्यायचं न्हाई. टपाल टपालानंच गेलं पायजे. पेटीत टाका. मी हितनं बघतो."

वहिनी दारात येऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला आणि आत वळली. मी कोपऱ्यापर्यंत गेले. पेटीचं झाकण तापलेलं होतं. मागं बघितलं तर आबा डोळ्यांवर हात धरून बघत होते. मी पाकीट आत सरकवलं, थोडा वेळ धरून ठेवलं आणि सोडलं. खाली पडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, इतकं ते हलकं होतं.

परत वळले तेव्हा फाटकाशी कुणी नव्हतं. आबा आत निघून गेले होते. लेकीचं पत्र पेटीत पडलं होतं, आता माझ्याशी त्यांचं काही काम नव्हतं.