हवापालट कुणाचा?

आईला हसवायचं नाही, असा आमच्या घरात नियम होता. हसता हसता तिला खोकल्याची उबळ यायची आणि ती थांबेपर्यंत आम्ही सगळे गुन्हेगारासारखे उभे. तिला दमा होता, आणि माझा स्वभाव वात्रट. दहावीचं अख्खं वर्ष मी जीभ चावत काढलं.

नव्वदचं दशक होतं. राजारामपुरीत आमचा फ्लॅट पहिल्या मजल्यावर होता आणि मागच्या बोळात दुकानांची मागची दारं उघडायची. सकाळी झाडलोट झाली की खोकी, प्लॅस्टिक, थर्माकोल यांचा ढीग लागायचा आणि त्याला काडी. सगळेच जाळायचे, म्हणून कुणाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. हवा खायला पन्हाळ्याला जाणारे आम्ही कोल्हापूरकर घरी मात्र बिनतक्रार धूर खायचो.

डॉक्टर म्हणाले, "हवापालट करा." बाबांनी लगेच पन्हाळ्याला त्यांच्या आत्याकडे दोन महिन्यांची सोय लावली आणि आईची बॅग भरली. घरच्या शिवणक्लासच्या मुलींना सुट्टी सांगून झाली. निघायच्या दिवशी सकाळी आई कॉटवर बसली ती उठेचना.

"दोन म्हैनं थितली हवा खायची आणि परत येऊन हितला धूर? हवा बिघडलीया, तर हवाच पालटूया की. मी कशाला पालटू?"

"हवा काय तुझ्या बापाची हाय?" बाबा भडकले.

"मग त्या दुकानदारांच्या बापाची हाय व्हय?"

एवढं बोलून तिनं मेथीची जुडी आणि पाट उचलला आणि खाली उतरली. ढीग लागायच्या नेमक्या जागी पाट मांडून ती मेथी निवडायला बसली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी पाण्याची बाटली घेऊन मी मागोमाग गेले.

कापडदुकानाचे मालक गडहिंग्लजकडचे. आवाज मोठा, पण आईला कायम अक्का म्हणायचे.

"अक्का, उठा की. पेटवायचं हाय."

"पेटवा की. मी बसतो हितंच."

आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, आणि एकदा 'बसतो' म्हणाल्या की त्यांना उठवणं कुणाच्या हातात नसतं. मालक काडेपेटी घेऊन थोडा वेळ उभे राहिले आणि पुटपुटत आत गेले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू गवारी घेऊन आल्या. चौथ्या दिवशी बोळात पाच जणी होत्या. भाज्या निवडून होत होत्या आणि दुकानांत खोकी साठत होती. शेवटी मालकांनीच भंगारवाल्याला बोलावलं आणि उरलेला कचरा महापालिकेच्या कोंडाळ्यात पाठवला. बाकीचे दुकानदार कुरकुरत त्याच वाटेनं गेले. धूर नसलेल्या पहिल्या सकाळी मी घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. आईचा मला इतका अभिमान वाटला की मी क्लासच्या मुलींना तीच गोष्ट तीनदा सांगितली. बाबांनी बॅग रिकामी केली.

खोकला हळूहळू कमी झाला. पण हसू आलं की आई सवयीनं तोंडाला पदर लावायची, आणि आमचा नियमही तसाच होता.

थंडीत बोळात इलेक्ट्रिकच्या सामानाचं नवं दुकान आलं. एका सकाळी त्या नव्या मालकानं थर्माकोलचा ढीग रचला आणि काडेपेटी काढली. गॅलरीतून ते बघून मी पाट आणायला आत पळाले. परत येऊन बघते तर कापडदुकानाचे मालक स्टूल ओढत आले होते आणि ढिगाला पाठ लावून बसलेही होते.

"काका, उठा की. पाच मिन्टांचं काम हाय."

"पेटवा की, पावणं. मी बसतो हितंच," मालकांचा आवाज अख्ख्या बोळात घुमला. "वर माझी अक्का ऱ्हाती."

गॅलरीत माझ्या शेजारी येऊन उभी राहिलेली आई हसायला लागली. पदर बिदर काही नाही, कठडा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती मोठमोठ्यानं हसली. हातातला पाट तसाच धरून मी उबळीची वाट बघत उभी राहिले. उबळ आलीच नाही.