निघताना मारायची हाक

किस्से कोणी गोळा करत नाही, ते आपोआप जमतात. आमच्या दाराशी चपला जमतात ना, तसे. कोणाची कुठली ते कळत नाही, एखादीचा जोड सापडत नाही, पण टाकून द्यायचा धीर होत नाही. मी तर्कशास्त्रात डॉक्टरेट केली, झाशीच्या एका कॉलेजात आयुष्यभर शिकवलं, आणि तरी यातला कुठला किस्सा आधी सांगावा हे मला ठरवता येत नाहीये. बायको म्हणते, "तुम्हाला भाजी कुठली आणावी ते ठरवता येत नाही, किस्स्यांचं काय घेऊन बसलात!"

तर आधी माणसं सांगतो. मी, बायको सुमन, मुलगा हेमंत, सून रचना आणि त्यांची जुळी, मुक्ता आणि मंदार. आणि माझी आई, म्हणजे जुळ्यांची पणजी. आमचे पूर्वज झाशीच्या मराठी सुभेदारांच्या काळात दक्षिणेतून आले आणि इथलेच झाले. आई घरात जुनी, ठसठशीत मराठी बोलायची. आम्ही मराठीत हिंदी मिसळून. रचना इथून जवळच्या चिरगाँवची, तिची हिंदीच. आणि जुळ्यांना मराठी कळते सगळी, पण बोलायची वेळ आली की, "आजोबा, आप समझ जाओ ना!"

आईची एक रीत होती. कुठूनही निघताना, मग ते देऊळ असो, बाग असो की दातांचा दवाखाना, ती मागे वळायची आणि एकेकाला नावाने हाक मारायची. "चल गं मुक्ता! चल रे मंदार! चल गं रचना!" ज्याचं नाव येईल त्याने "आलो" म्हणायचं. तिचं म्हणणं असं, की माणूस निघतं पण जीव तिथे रेंगाळतो. लहान मुलांचा तर हमखास. त्याला नाव घेऊन बोलवावं लागतं, नाहीतर तो तिथेच खेळत बसतो आणि मूल घरी येऊन किरकिर करतं.

हाका लहानांपासून सुरू व्हायच्या. शेवटी मी. कारण मी नेहमीच शेवटी असतो. चष्मा राहिला का, थर्मास राहिला का, छत्री आणली होती की नव्हती, हे बघायला मी परत जातो. मग आई म्हणायची, "बाळ्या, आता तू. मागे राहू नको."

सत्तरी ओलांडलेल्या माणसाला बाळ्या!

*

एकदा सीपरी बाज़ारात जुळ्यांना टिक्की खायला नेलं होतं. परत निघताना ऑटोत बसलो आणि आईने रस्त्याकडे तोंड करून हाका सुरू केल्या. ऑटोवाला हँडलवर हात ठेवून ऐकत राहिला. सगळी नावं झाल्यावर म्हणाला, "अम्मा, हमाओ नाम सोई टेर दो!" टेरणं म्हणजे इकडच्या बोलीत हाक मारणं, आणि सोई म्हणजे सुद्धा.

"काय नाव तुझं?"

"मुन्ना."

"चल रे मुन्ना! मागे राहू नको!"

मुन्नाला काय वाटलं कोण जाणे, त्या दिवशी त्याने ऑटो अशी सांभाळून चालवली, की ताटातलं वरण सांडलं नसतं.

पंधरवड्याने मी एकटाच स्टेशनवरून येत होतो आणि नेमकी त्याचीच ऑटो मिळाली. मी बसलो. ऑटो हलेना. मी म्हटलं, "चलो भैया."

तो मागे वळून म्हणाला, "नाम तो टेरो!"

भर स्टेशनासमोर, आजूबाजूला कॉलेजचे चार ओळखीचे चेहरे, आणि मी हळूच म्हणालो, "चल रे मुन्ना."

"जोर से, साहब. अम्मा जोर से बोलती हैं!"

*

ओळखीच्या चेहऱ्यांवरून आठवलं. इलाइट चौराह्यावर माझा एक जुना विद्यार्थी भेटला. आता मोठा अधिकारी. बरोबर दोन माणसं, एक फाईल धरणारा, एक नुसताच. त्याने वाकून नमस्कार केला. मी सुखावलो. असं कोणी भेटलं की मला उगाच वाटतं, आपण अगदीच वाया गेलो नाही. मी त्याला अनुमानाबद्दल काहीतरी सांगायला लागलो आणि तोही बिचारा ऐकायला लागला.

रस्त्यापलीकडे आई जुळ्यांना घेऊन गाडीत बसली होती. खिडकीची काच खाली झाली.

"चल गं मुक्ता! चल रे मंदार! चल रे हेमंत!"

मी अनुमान अर्ध्यावरच सोडलं. पुढचं नाव कोणाचं ते मला ठाऊक होतं.

"बाळ्या! आता तू! मागे राहू नको!"

विद्यार्थ्याने इकडेतिकडे पाहिलं. "सर, ये बाळ्या कौन है?"

मी म्हटलं, "है एक लड़का, हमारे यहाँ का."

तेवढ्यात मंदारने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि सगळ्या चौराह्याला ऐकू जाईल असं ओरडला, "आजोबा! पणजी आपको बुला रही है!"

विद्यार्थी हसला नाही. संस्कारी मुलगा. पण दर दिवाळीला त्याचा फोन येतो, आणि सगळ्यांची विचारपूस झाल्यावर तो अगदी गंभीर आवाजात विचारतो, "और सर, बाळ्या कैसा है?"

"ठीक है," मी म्हणतो. "अभी छोटा है."

*

किल्ल्यावर गेलो तेव्हा आईला चढ झेपणार नव्हता. सुमन तिच्याबरोबर खालीच दाराशी सावलीत बसली. आम्ही जुळ्यांना घेऊन वर गेलो, आणि राणी पाठीवर मूल बांधून घोड्यासकट जिथून उडी मारून गेली म्हणतात ती जागा दाखवली. दोघं धावत खाली आली.

"पणजी, रानी जी घोड़े पे कूद गईं! इत्ती ऊपर से!"

राणी आमच्या घरात अजून ‘बाईसाहेब’च आहे, आणि तिच्याबद्दल असं बोलतात जसं काही ती मागच्या गल्लीत राहायची. आई म्हणाली, "गेल्या खऱ्या बाईसाहेब."

मंदारने विचार केला. "उनका नाम किसने बुलाया?"

आईने वर तटाकडे पाहिलं. हा प्रश्न तिलाही कोणी विचारला नसावा. मग म्हणाली, "घाई होती रे. गोळे पडत होते. राहून गेलं."

"फिर?"

"फिर काय! राहिल्या इथेच."

मंदार लगेच तटाकडे वळला आणि दोन्ही हात तोंडाशी नेऊन, "रानी जी, चलोऽऽ!"

आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. "त्यांना नाही बोलवायचं. त्यांचं घर आहे ते."

माझ्यातला मास्तर जागा झाला. मी म्हटलं, "आई, त्या उडीला ऐतिहासिक पुरावा कितपत आहे, याबद्दल जरा..."

"बाळ्या, पुरावा राहू दे. मुक्ताला शूला लागलीय."

*

आता चिरगाँवचा.

रचनाच्या चुलत बहिणीचं लग्न होतं. गाडी नेमकी बिघडलेली, म्हणून बसने गेलो. परत निघताना बसमध्ये तुफान गर्दी. मी पिशव्या मोजत होतो. आईने आपल्या सीटवरून हाका मारल्या. "चल गं मुक्ता!" "आले!" "चल रे मंदार!" "आलो!" सगळी नावं झाली, बस सुटली. मी निर्धास्त झालो. असा मी फार क्वचित होतो, आणि प्रत्येक वेळी पस्तावतो.

गाव मागे पडलं तेव्हा रचना म्हणाली, "बाबा, मंदार आपके पास है ना?"

"तो तुझ्याकडे आहे ना?"

मंदार कोणाकडेच नव्हता! सुमनने मुक्ताला धरलं. "मंदारचं ‘आलो’ कोण म्हणालं?"

"मैं," मुक्ता शांतपणे म्हणाली. "वो लड्डू के कमरे में सो रहा था ना, इसलिए मैंने बोल दिया."

नंतर कळलं की ती दोघं एकमेकांसाठी नेहमीच ‘आलो’ म्हणायची. आईच्या रीतीत इतकं मोठं भोक होतं आणि तर्कशास्त्राच्या प्राध्यापकाला ते दिसलं नव्हतं!

बस थांबवली. मी खाली उतरून रस्त्यावर येरझारा घालायला लागलो. हेमंत फोन लावत होता, रचना रडत होती. आई खिडकीतून म्हणाली, "मी हाक मारलीय. मागे राहायचा नाही तो."

आणि खरंच, धुरळा उडवत रचनाच्या भावाची मोटारसायकल आली. पुढे टाकीवर मंदार, दोन्ही हातांत लाडू, आणि चेहऱ्यावर असा भाव, की आम्हीच हरवलो होतो आणि तो शोधायला आलाय.

कंडक्टर म्हणाला, "अम्मा, हाजिरी ठीक से लगाया करो!"

त्या दिवसापासून आईने नियम बदलला. नुसतं ‘आलो’ चालणार नाही. तिने हात पुढे करायचा आणि ज्याचं नाव येईल त्याने तिच्या तळहातावर आपला तळहात टेकवायचा. तिचा तळहात कसा होता, हे मला नीट सांगता येईल असं वाटत नाही. कोरडा, गरम, आणि चपातीसारखा मऊ. एवढंच सुचतं.

*

मागच्या थंडीत आई गेली. घरीच, पहाटे.

जुळी तेव्हा चार वर्षांची होती. मुलं घाबरतील म्हणून मीच त्यांना आदल्या आठवड्यात चिरगाँवला आजोळी पाठवलं होतं. ते बरोबर केलं की चूक, याचा मी अजून दोन्ही बाजूंनी विचार करतो आणि दोन्ही बाजू मला पटतात. दोघं परत आली तेव्हा पणजीची खाट उचललेली होती. त्यांनी रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि तिथे रिक्षा-रिक्षा खेळायला लागली.

मी कुठल्याशा पुस्तकात वाचलं होतं, की एवढ्या लहानपणीचं पुढे फारसं काही लक्षात राहत नाही. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. इतकी वर्षं जी बाई कोणालाही मागे राहू देत नव्हती, तिलाच ही पोरं मागे सोडून जाणार, आणि त्यात त्यांचा काही दोषही नाही!

म्हणून मी परीक्षा घ्यायचो. फोटो दाखवायचो. "ही कोण?"

"पणजी," मंदार म्हणायचा.

"पणजी काय करायची?"

"बैठती थी."

"आणि?"

मुक्ता विचार करून म्हणायची, "आजोबा, मोबाइल मिलेगा?"

सुमन म्हणाली, "पेपर काढणं सोडा आता. रिटायर झालात."

हाका मात्र कोणी मारत नव्हतं. वर्षभरात आम्ही बागेत गेलो, लग्नाला गेलो, एकदा ग्वाल्हेरला जाऊन आलो. निघायची वेळ आली की सगळे एक क्षण घोटाळायचे, एकमेकांकडे न बघता गाडीत बसायचे. एकदा मी घसा साफ केला. पण चारचौघांत ते वाक्य माझ्या तोंडून काही निघालं नाही. मुन्नासाठी निघालं होतं, इथे नाही.

*

आणि हा शेवटचा. परवाचाच.

वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या रविवारी हेमंत म्हणाला, "ओरछ्याला जाऊ या." आईच्या अस्थी तिथेच बेतवेत सोडल्या होत्या. सुमनने दशम्या केल्या, दुधात कणीक भिजवून, आई प्रवासाला करायची तशा. बरोबर लसणाची चटणी. नदीकाठी खडकांवर बसून खाल्लं. जुळ्यांनी पाण्यात दगड टाकले, माशांना दशमी घातली, एकमेकांना ढकललं. पणजीचं नाव कोणी काढलं नाही. मीही नाही. परीक्षा बंद केली होती.

ऊन उतरलं. सगळे पायऱ्या चढून गाडीकडे निघाले. मी म्हटलं, "तुम्ही व्हा पुढे, काही राहिलं का बघतो."

काही राहिलं नव्हतं. डबा नेला होता, सतरंजी नेली होती, थर्मास माझ्याच खांद्यावर होता. मी पाण्याकडे बघत उभा राहिलो. किती वेळ, कोण जाणे. हेमंतने दोनदा हॉर्न वाजवला.

मग वरून आवाज आला.

"चल रे मंदार!"

मी वळून पाहिलं. सगळ्यात वरच्या पायरीवर मुक्ता उभी होती, नदीकडे तोंड करून, एक हात पुढे धरून. मंदारने तिच्या तळहातावर फटकन हात मारला. "आलो!"

"चल गं रचना!"

"अगं, आईला नावाने...?" सुमन म्हणायला लागली आणि थांबली. रचना गाडीतून उतरून आली, वाकली आणि हात टेकवला.

"चल रे हेमंत! चल गं सुमन!"

दोघं आली. कोणी हसलं नाही.

मुक्ताने हात तसाच धरून ठेवला आणि खाली माझ्याकडे पाहिलं.

"बाळ्या, आता तू."

मी खांद्यावरचा थर्मास नुसताच सारखा केला. मंदार तिच्या कानाशी लागून म्हणाला, पण मला स्वच्छ ऐकू आलं, "जोर से बोल. वो पणजी का भी एक बार में नहीं सुनते थे."

मुक्ताने मोठा श्वास घेतला.

"बाळ्याऽऽ! मागे राहू नको!"

"आलो गं आई," मी म्हणालो, आणि पायऱ्या चढायला लागलो.