चहाआधी एक बरे, एक वाईट

गोल्फ खेळून परत येणाऱ्या माणसाचा चेहरा तुम्ही कधी नीट पाहिला आहे का?

मी बावीस वर्षे पाहतो आहे. नाशिकच्या वेशीबाहेर आमचे नऊ होलचे लहानसे मैदान आहे. तेथे मी स्टार्टर, म्हणजे पहिल्या टीवर, खेळ सुरू होतो त्या जागी, बसून खेळाडूंना पाळीने सोडणारा. जाताना सगळे सारखे दिसतात. येताना कोणीही सारखा नसतो. माझ्या वहीत नाव आणि वेळ एवढेच लिहायचे असते. बाकीचे मनात साठत जाते. साठवून ठेवायलाही जागा संपते, म्हणून सांगतो.

हे किस्से शनिवारच्या चौघांचे, आणि सोमा कॅडीचे, म्हणजे खेळाडूच्या क्लबांची, काठ्यांची बॅग उचलणाऱ्याचे. सोमा पेठ तालुक्यातला. मी आलो त्याच वर्षी त्याच्या शर्टावर पितळी बिल्ला लागला. त्या बिल्ल्यावर त्याचे घर चालते. तो बिल्ला जाण्याची वेळ एकदा आली होती. ते शेवटी येईलच.

*

चौघांची रीत जोगळेकर साहेबांनी घालून दिली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, वय ब्याऐंशी. खेळ संपला की कडुलिंबाखाली चहा. मात्र फटक्यांची कार्डे उघडण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या खेळातले एक बरे आणि एक वाईट सांगायचे. सोमाने मान डोलावली, तरच कप पुढे सरकायचा!

सोमा बॅग एकाची उचलतो, पण नजर चौघांच्याही चेंडूंवर ठेवतो.

"कॅडीची साक्ष कशाला?" असे कोणीतरी एकदा विचारले.

जोगळेकर म्हणाले, "आपण फक्त स्वतःचा चेंडू पाहतो. त्याने चौघांचे पाहिलेले असतात."

एके दिवशी ते स्वतःच तिसऱ्या होलच्या बंकरमध्ये, वाळूच्या खड्ड्यात अडकले. वाळू उडत होती, चेंडू जागचा हलत नव्हता. चहाला आले तेव्हा धाप लागली होती.

"वाईट म्हणजे, अकरा फटके लागले. बरे म्हणजे, दहाव्यानंतरही मी मोजत होतो!"

सोमाची मान हलली. ब्याऐंशी वर्षांच्या माणसाने तो कप दोन्ही हातांनी उचलला. मी मनोमन नमस्कार केला.

*

कुलथे मॅडम बँकेत अधिकारी होत्या. बोलणे मोजके.

एका स्पर्धेत त्या एका फटक्याने पुढे, म्हणजे एक फटका कमी घेऊन, होत्या. शेवटच्या ग्रीनवर, होलभोवतीच्या हिरवळीवर, पट म्हणजे हलका फटका मारण्यापूर्वी त्यांनी हात वर केला. "चेंडू हलला. क्लब लागला माझा. एक फटका वाढवा."

कोणीही पाहिले नव्हते. सोमानेही नाही. चेंडू हलला असेल तर केसाएवढा. स्पर्धा हातची गेली.

चहाला जोगळेकरांनी विचारले, "वाईट काय?"

"चेंडू हलला."

"आणि बरे?"

"मला दिसले."

त्या दिवशी सोमाने मान डोलावली नाही. उठून उभा राहिला!

*

डॉक्टर गायधनी हे मुलांचे डॉक्टर. दवाखान्यात रडणारे पोर त्यांना पाहून हसते. मैदानावर मात्र त्यांच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर सुतक.

"मी नालायक आहे. क्लब विकून टाकतो." हे दर शनिवारी. वाईट सांगायला तोंड उघडले की थांबत नसत. बरे एकही सापडत नसे. एकदा फारच आग्रह झाला तेव्हा म्हणाले, "आज ऊन छान होते."

"ऊन तुम्ही मारले होते काय?" जोगळेकर.

चहा निवत चालला. तेव्हा सोमा बोलला. तो सहसा बोलत नाही.

"सातव्याला साहेबांचा बॉल टिटवीच्या अंड्यांजवळ पडला व्हता. त्यांनी मारला नाय. उचलला, एक फटका सोताच्या नावावर घेतला, आन लांब ठेवला. ते बरं हाय."

डॉक्टर गोंधळले. "पण तो तर मी वाईटात धरला होता!"

ज्याच्या हातून चांगले घडते त्याला ते चुकीच्या रकान्यात मांडावेसे वाटते! माणसाच्या मनाचे मला फार नवल वाटते.

*

चौथे बोरस्ते. द्राक्षे परदेशी पाठवतात. पेटीवर खूण आणि तारीख घातल्याशिवाय त्यांचा माल हलत नाही. तीच सवय खेळात. दर शनिवारी एक नवा चेंडू, त्यावर लाल शाईने 'श्री', खाली त्या दिवसाची तारीख. पहिल्या टीशेजारी शेंदूर लावलेला मारुती आहे, त्याला वाकून नमस्कार केल्याशिवाय क्लबला हात लावत नाहीत.

गडी उमदा. चेंडू नाल्यात गेला तरी मला म्हणणार, "पण काय सरळ गेला, तात्या! बघितला ना?"

त्यांच्याजवळ बऱ्याला तोटा नव्हता. वाईटाची पाळी आली की, "सोमानं क्लब चुकीचा दिला." पुढच्या शनिवारी, "सोमाची सावली पडली." त्याच्या पुढच्या शनिवारी, "सोमा खोकला."

जोगळेकर एकदा म्हणाले, "बोरस्ते, वाईट आपले सांगायचे असते. शेजारच्याचे नव्हे."

बोरस्ते मोठ्याने हसले. सोमाही हसला. त्यांची बॅग तोच उचलत होता.

*

सोमवारी मैदान खेळाडूंना बंद असते. त्या दिवशी कॅडी खेळतात. सोमाजवळ कोणाचे तरी टाकून दिलेले तीन क्लब आहेत. तेवढ्यावर तो जे खेळतो ते पाहून मी वहीत नाव लिहायचे विसरतो.

मी एकदा विचारले, "सोमा, आज कसा खेळलास?"

"दोन बॉल नेले, तात्या. दोन आनले."

*

आता शेवटचा.

वर्षाअखेरचा चषक होता. आठ होल झाले तेव्हा बोरस्ते आणि डॉक्टर बरोबरीत. नवव्यावर बोरस्त्यांचा चेंडू उजवीकडे, नाल्याकाठच्या गवतात गेला. सगळे शोधू लागले. सोमा नाल्यात उतरला होता. एवढ्यात बोरस्ते वरून ओरडले, "सापडला! इथं आहे, मोकळ्या जागी!"

तेथून ते उत्तम खेळले. एका फटक्याने जिंकले. होलमधून चेंडू काढला आणि लगेच खिशात टाकला.

चहाला म्हणाले, "आज बरंच बरं! वाईट काहीच नाही!"

सगळ्यांनी सोमाकडे पाहिले. सोमाची मान हलली नाही.

"सोमा?" जोगळेकर.

"त्यो बॉल मी नाय बघितला, साहेब."

एवढेच. बोरस्ते लालबुंद झाले. "बावीस वर्षं माझी बॅग उचलतोस आणि माझ्यावर संशय? कमिटीत मी आहे. याचा बिल्ला काढून घ्या!"

डॉक्टर पुटपुटले, "जाऊ द्या, मीच वाईट खेळलो." स्वतःला वाईट म्हणणे हेही खोटेपणाला साथ देणे असू शकते, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी कमिटी बसणार होती. सोमाने बिल्ला काढला आणि माझ्या हातात दिला. मी तो खोलीतल्या खिळ्याला अडकवला. आठवडाभर त्याच्याकडे पाहवत नव्हते.

शनिवारी सकाळी मारुतीला दिवा लावायला गेलो. पायाशी एक चेंडू होता. धुऊन पुसलेला. त्यावर लाल 'श्री'. खाली मागच्या शनिवारची, चषकाच्या दिवसाची तारीख.

सोमा फाटकाबाहेर बसला होता. मी विचारले, "तू ठेवलास?"

"व्हय. सोमवारी नाल्यात घावला. देवाचं अक्षर हाय, तात्या. पायाखाली कसं ऱ्हाऊ देऊ?"

"मग कोणाला दाखवला का नाहीस?"

"ज्याचा हाय त्यो दर शनवारी हितंच तर वाकतो."

मी चेंडूला हात लावला नाही.

बोरस्ते आले. नेहमीप्रमाणे जोडे काढले, हात जोडले, वाकले. वाकले ते वाकलेलेच राहिले. टीवर तिघे थांबले होते. मी पाळीची घंटा वाजवली नाही.

मग ते चेंडू मुठीत घेऊन माझ्याकडे आले. "तात्या, बिल्ला कुठं आहे?"

मी खिळ्याकडे बोट केले. त्यांनी तो काढला, अनवाणीच फाटकापर्यंत गेले आणि सोमाच्या शर्टाला लावला. टाचणी दोनदा बोटात गेली. परत येऊन त्यांनी गाडीतला चषक आणला आणि डॉक्टरांपुढे धरला.

"मी? मी घेऊ?" डॉक्टर म्हणाले.

"घ्या!" कुलथे मॅडम म्हणाल्या. "आणि आज तरी एक बरे सांगा!"

जोगळेकरांनी शांतपणे विचारले, "बोरस्ते, चहाला थांबणार?"

"आज नाही साहेब. सोमवारी येतो."

सोमवारी ते खरोखर आले. सोमाची फाटकी बॅग, तीन क्लब, त्यांनी खांद्याला लावली. नऊ होल. ऊन चढले होते. बाकीचे तिघे कडुलिंबाखाली येऊन बसले होते. त्यांचा वार नव्हता.

सोमा चहाला आला. जोगळेकर म्हणाले, "सांगा सोमाजी."

"बरं म्हंजे, चौथ्याला लांबचा पट पडला." मग त्याने नाल्याकडे पाहिले. "वाईट म्हंजे, नवव्याला बॉल नाल्यात गेला. घावला नाय. फटका वाढवून घेतला."

आता रीतीप्रमाणे ज्याने बॅग उचलली त्याने मान डोलवायची होती.

बोरस्ते उभेच होते, बॅग अजून खांद्यावर. सगळे त्यांच्याकडे पाहत होते. त्यांची मान हलली. सोमाने कप उचलला, चहा प्यायला, कप खाली ठेवला, तरी ती हलतच होती.