पंचाहत्तर ठिपक्यांची गुणाबाई

सावली तालुक्यातल्या एका गावात डोमा ढिवर राहतो. तलावात जाळं टाकायचं, फाटलं की पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसून विणायचं, यापलीकडे त्यानं जन्मात काही केलं नाही. शाळेत गेला दोन पावसाळे, तेही तिथलं छप्पर गळत नव्हतं म्हणून.

बायको गुणाबाई मागल्या वर्षी काविळीनं गेली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं, तेव्हा डोमाच्या ध्यानात आलं, की तिचं तोंड आठवत नाही. लुगडं आठवतं, खोकला आठवतो, तोंड नाही. हे तो कोणाला सांगणार? ब्रह्मपुरीच्या स्टुडिओत काढलेला एकुलता एक चांगला फोटो त्यानंच तंबाखूच्या चंचीत जपला होता, अन् ती चंची तलावात पडली. फोटो बाहेर काढला तेव्हा नुसता पांढरा कागद.

उरला तो कोणाच्या लग्नातल्या घोळक्याचा, मोबाईलमधला फोटो. त्यात गुणाबाई मागच्या रांगेत, नखाएवढी.

त्याची मुलगी उर्वशी ब्रह्मपुरीला शिकली. आता घरी बसून नागपूरच्या लोकांसाठी कॉम्प्युटरचे खेळ बनवते. श्राद्धाला म्हणून तिनं पडद्यावर गावचा तलाव उभा केला, पाण्यावर बापाचा डोंगा ठेवला, पाळीवर माशांचं टोपलं घेतलेली आईची बाहुली बसवली. तोंड तेवढं कोरं. बापाला तिनं समजावलं, की फोटो म्हणजे ठिपक्यांच्या ओळी. त्या ओळी ग्राफिक्स कार्डाकडे पाठवायच्या, ते त्यांचं टेक्स्चर करतं, कापडासारखं, अन् ते बाहुलीच्या तोंडावर ताणून बसवायचं. डोमानं मान हलवली. मान हलवायला शिक्षण लागत नाही.

पण तोंड आलं ते तिरपं. कपाळ एकीकडे, हनुवटी दुसरीकडे, वाऱ्यानं लवलेल्या धानासारखी. उर्वशीनं फोटो पुन्हा चढवून पाहिला, बाहुली बदलून पाहिली. दोन दिवस जेवणाकडे लक्ष नाही. डोमा मागे बसून जाळं विणत होता. तिसऱ्या दिवशी उठला, पडद्यावर बोट टेकवून वरून खाली आणलं.

"बाई, फोटो वाकडा नाई. दर ओळीत एक घर सरकून राह्यलं."

त्याचं पहिलं जाळं असंच निघालं होतं, ओळीच्या शेवटी घर मोजायला चुकला म्हणून. मासे आता मान वाकडी करून येतील, असं गुणाबाई त्यावरून वीस वर्षं म्हणत होती.

उर्वशीनं मोजलं. ओळीत ठिपके पंचाहत्तर. एका ठिपक्याचे रंगाचे आकडे तीन, म्हणजे सव्वादोनशे. अन् कार्ड आकडे घेतं चार-चारच्या जुडीनं. जुडी पुरी करायला दर ओळीमागे तीन आकडे, म्हणजे पुरा एक ठिपका, खालच्या ओळीतला ओढून घेत होतं. तिनं कार्डाला जुडी सोडून एकेक आकडा मोजायला सांगितलं.

गुणाबाई सरळ झाली.

उर्वशीनं तोंड पडदाभर मोठं केलं; पंचाहत्तरांत त्याच्या वाट्याला दहा-बाराच ठिपके, बाकी लुगडं अन् शेजारच्या बाया. डोमा पुढे सरकला. डोळ्याच्या जागी चार तपकिरी चौकोन, ओठांच्या जागी एक पट्टी. कुठले चौकोन जोडले की ती होते, ते त्याला जुळेना.

"अजून साफ नाई होत?"

"नाई बाबा. फोटोत ठिपकेच तेवढे हायेत. नसलेले कुठून आणू?"

"तिरपी होती तवा वाटे, सरळ झाली का दिसन," डोमा म्हणाला. "आता सरळ झाली, अन् एवढीच हाय."

मग त्यानं चंचीची गोष्ट सांगितली, अन् तोंड आठवत नसल्याचीही. हे आधी माहीत होतं की नव्हतं, ते उर्वशीनं कळू दिलं नाही.

जाळं गोळा करता करता डोमा म्हणाला, "तिले त्या पलीकडच्या पाळीवर बसव. दूर. मासे न्यायले तिथंच बसे. डोंग्यातून येताना मी तिले रोज तेवढीच पाहो."

उर्वशीनं बाहुली उचलली अन् तलावापार नेऊन ठेवली. तिथून तोंड दिसत नव्हतं. टोपलं घेऊन कोणी तरी वाट पाहत बसलंय, एवढंच दिसत होतं.