कासिल्दा कोट काढत नाही

आमची कासिल्दा माझ्याकडे आली की कोट अंगातच ठेवते. खुर्चीच्या कडेला टेकते, गुडघा हलवत राहते, कॉफी उभ्यानेच संपवते. मी म्हणते, "अगं बस ना नीट, पोलीस लागलेत का मागे?" ती म्हणते, "बसलेय की!" आणि उठते.

माझी धाकटी बहीण ती. एकोणीस वर्षं इथे स्पेनमधल्या सरकारी शाळांत इंग्रजी शिकवतेय, पण बदली शिक्षिका म्हणून. दर सप्टेंबरात नवं गाव, कधी सोरियाकडे, कधी लेओनकडे. जूनमध्ये पुन्हा बॅग. गावात तिचं नाव कुणाच्या लक्षात राहत नाही, सगळे 'इंग्रजीवाली' म्हणतात. बुर्गोसमध्ये माझ्या केशकर्तनालयाच्या वरची खोली मी तिच्यासाठी रिकामी ठेवलीय. कायम झाले की येईन, म्हणते. कायम होण्याच्या परीक्षेत पाच वेळा आपटली आणि सत्तेचाळीसची झाली.

परीक्षेचे विषय एकोणसत्तर. कापडी पिशवीत आकडे घातलेल्या गोट्या असतात. एका उमेदवाराने सगळ्यांसाठी पाच काढायच्या, त्यांतल्या एका विषयावर प्रत्येकाने लिहायचं. पेपरवर नाव नाही, नुसता क्रमांक. लिहिणाऱ्याची ओळख पटेल असं काही सापडलं की पेपर बाद.

तिचा लाडका विषय म्हणजे इंग्रजीतली शेपटीवाली क्रियापदं. 'टेक ऑफ' घ्या. कोट उतरवला तरी टेक ऑफ, विमान उडालं तरी तेच, न सांगता कुणी सटकलं तरी तेच, दुकान जोरात चालू लागलं तरी तेच. आम्ही स्पॅनिश बोलणारे प्रत्येक कामाला वेगळं क्रियापद ठेवतो, म्हणून मुलं रडकुंडीला येतात. कासिल्दा यादी पाठ करून घेत नाही. एकाला कोट काढायला लावते, दुसऱ्याला दाराबाहेर पिटाळते. यंदा एका मुलीने फळ्यावर इंग्रजीत लिहिलं, 'कासिल्दा कधीच कोट काढत नाही.' त्या दिवशी मला, म्हणजे तिच्या आसुनला, तिचे तीन फोन आले. "आसुन, इंग्रजीवाली नाही लिहिलं गं. कासिल्दा लिहिलं!"

परीक्षेच्या आदल्या दुपारी मी तिचे केस कापत होते आणि ती विषय पुटपुटत होती. माझं डोकं उठलं. "पोपटासारखं काय घोकतेस? शाळेत शिकवतेस तसं लिही. जरा स्वतःला घाल त्यात!" सल्ला द्यायला मी नेहमीच पुढे.

गोट्या काढायला कुणी पुढे येत नाही, कारण विषय वाईट निघाले तर शिव्या त्या हाताला पडतात. पण कासिल्दाला बसवेना. जूनच्या ऐन उन्हाळ्यात पावसाळी कोट चढवून ती परीक्षकांसमोर गेली आणि पिशवीत हात घातला. तिसरीच गोटी तिच्या क्रियापदांची निघाली.

मी समोरच्या बारमध्ये थांबले होते. आली तेव्हा चेहरा लालबुंद. "सगळं लिहिलं! मुलांचं, दाराचं, फळ्यावरचं..." बटाट्याच्या ऑम्लेटमध्ये खुपसलेला काटा तसाच राहिला. "आसुन, मी नाव लिहिलं."

"कुणाचं?"

"माझं. फळ्यावरचं वाक्य जसंच्या तसं."

"मग काय झालं? बुर्गोसात कासिल्दा पैशाला पासरी आहेत. उदाहरण म्हणून सोडून देतील."

"कोटासकट? अख्ख्या दालनात कोट माझ्या एकटीच्या अंगात होता, आणि त्यांच्या नाकासमोर होता."



त्यानंतरचे तीन आठवडे निकालाची वाट पाहण्यात गेले. ती गिऱ्हाइकांच्या पायांखालून झाडू फिरवायची. वरच्या खोलीत जाऊन पडद्यांची मापं घ्यायची, खाली येऊन विसरायची, पुन्हा वर. "बाई, हिला बांधून ठेवा कुठेतरी," एक म्हातारी मला म्हणाली. मीही त्याच म्हातारीच्या डोक्यावर रंग इतका वेळ ठेवला की केस जांभळे झाले. ते वाक्य लिहायची बुद्धी तिला माझ्यामुळे झाली, हे मला सलत होतं, आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हती, हे त्याहून जास्त.

निकालाची यादी एका दुपारी लागली. तिच्या क्रमांकापुढे 'बाद' आणि कारण, 'लेखिकेची ओळख पटते.'

"माझंच चुकलं गं," मी म्हटलं. "मीच म्हटलं होतं, स्वतःला घाल म्हणून."

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने ती ओळ पुन्हा वाचली आणि हसायलाच लागली. "एकोणीस वर्षं, आसुन. किती गावं झाली, कुणाला माझं नाव धड आठवत नाही. शेवटी ओळखलं कुणी, तर यांनी!"

हसता हसता ती गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली, पहिल्यांदाच पाठ टेकून, आणि ओक्साबोक्शी रडली. मी तिच्या कोटाची बटणं सोडायला वाकले. तिने माझा हात धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "सप्टेंबरला किती दिवस उरलेत?"